शाळेच्या पुस्तकातले रेव्हरंड टिळक, ज्यांना आपल्या थडग्यावर 'रेव्हरंड' हा शब्दच नको होता

मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांना ती पक्षिणीची कविता आठवत असेल. शिकाऱ्याच्या घावाने जखमी झालेली पक्षीण पडत-धडपडत आपल्या घरट्यापर्यंत येते, पिल्लांना शेवटचं भेटते आणि प्राण सोडते. कवितेचं नाव 'केवढे हे क्रौर्य'. वर्गात ती वाचताना मागच्या बाकावरची पोरंही गप्प व्हायची. कवितेखाली नाव असायचं, रेव्हरंड नारायण वामन टिळक.

टिळक म्हटलं की आपल्याला एकच टिळक आठवतात, 'केसरी'वाले. त्यामुळे हे दुसरे टिळक कोण, आणि त्यांच्या नावापुढे रेव्हरंड कसं काय, हा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही आणि बहुतेकांनी कधी विचारलाही नाही. दोघंही रत्नागिरी जिल्ह्यातल्या चित्पावन कुटुंबांतले, वयात जेमतेम पाच-सहा वर्षांचं अंतर, आणि देशाच्या भल्याचं वेड दोघांनाही. पण एकाने त्यासाठी तुरुंगाची वाट धरली, तर दुसरा चर्चचा पाळक झाला.

पाळक म्हणजे चर्चमधला धर्मगुरू, इंग्रजीत ज्याला पास्टर म्हणतात तो. ९ मे १९१९ ला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हे टिळक गेले. तेव्हा त्यांच्यामागे कर्मठ नातेवाइकांनी वाळीत टाकलेलं एक घर होतं, शेकडो भजनं होती, एक अर्धवट महाकाव्य होतं आणि एक मृत्युपत्र होतं. आपल्या मागे आपल्याला कसं आठवावं हे त्यांनी त्यात लिहून ठेवलं होतं. पुढे झालं मात्र वेगळंच. ते काय झालं हे कळायला आधी हा माणूस कळायला हवा.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, दापोलीजवळच्या करजगावचा. वडील वामनराव सरकारी नोकरीत, स्वभावाने तापट आणि कडक. आई जानकीबाई त्याच्या अगदी उलट. तिला गाणं आवडायचं, ओव्या यायच्या, मुलाच्या कवितेचं मूळ तिथलंच. पण नारायण लहान असतानाच ती गेली. बापाशी पटेना म्हणून पोरगं घर सोडून नाशिकला आलं. तिथे लोकांच्या आश्रयाने राहून त्याने गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकून घेतलं. इंग्रजी शाळाही थोडीफार झाली, पण मॅट्रिकपर्यंत काही गाडी गेली नाही.

१८८० मध्ये लग्न झालं. मुलगी नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची, मनकर्णिका, वय वर्षं अकरा. सासरी तिचं नाव लक्ष्मी ठेवलं. हे नाव लक्षात ठेवा, कारण आज टिळकांबद्दल जे काही आपल्याला ठाऊक आहे त्यातलं निम्म्याहून जास्त या बाईमुळे ठाऊक आहे.

लग्नानंतरची पंधरा वर्षं म्हणजे नुसती भटकंती. टिळक आज नाशकात, उद्या मुरबाडला, परवा मुंबईत. कधी शाळामास्तर, कधी कीर्तनकार, कधी छापखान्यात. कुठे पटलं नाही की उठायचं आणि चालायला लागायचं, घरी सांगायचीही तसदी नाही. हातात पैसा आला की समोर येईल त्याला देऊन मोकळे. बायको कधी माहेरी, कधी बहिणीकडे, कधी सासऱ्यांच्या तावडीत. लोकांच्या तोंडी असलेला प्रेमळ साधुपुरुष वेगळा आणि घरात राहणारा हा माणूस वेगळा. घरातल्याबरोबर संसार करणं सोपं नव्हतं. ते लपवण्याचा प्रयत्न पुढे लक्ष्मीबाईंनीही केला नाही.

१८९१ च्या सुमारास टिळक नागपूरला गेले. तिथल्या आप्पासाहेब बुटींनी वैदिक ग्रंथांच्या प्रकाशनाचं काम काढलं होतं, त्यासाठी संस्कृत जाणणारा माणूस हवा होता. तिथे टिळकांनी 'ऋषी' नावाचं मासिकही चालवलं. विषय अर्थातच धर्म. याच काळात त्यांच्या डोक्यात एक विचार पक्का होत गेला. जातीभेद आहे तोवर या देशाचं काही खरं नाही, आणि धर्म बदलल्याशिवाय जात जाणार नाही. मग त्यांनी स्वतःच एक नवा धर्म काढायचं ठरवलं आणि त्याची तत्त्वंही मांडून पाहिली. म्हणजे ख्रिस्ती होण्याआधीच हा माणूस जुन्या चौकटीतून अर्धा बाहेर पडला होता. त्यांना कुणीतरी फूस लावली ही गोष्ट पुढे बरीच चालली, तिला या एका तपशिलाने छेद जातो.

१८९३ मध्ये टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. रेल्वेच्या डब्यात समोर एक युरोपियन प्रवासी होता. बोलणं सुरू झालं, संस्कृत कवितेपासून धर्मापर्यंत गेलं. उतरताना त्या माणसाने बायबलचा नवा करार टिळकांच्या हातात ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगून टाकलं. टिळकांना तेव्हा ते हास्यास्पद वाटलं. पण शब्द दिला होता म्हणून पुस्तक वाचायला घेतलं. येशूचं डोंगरावरचं प्रवचन येईपर्यंत ते वाचन थांबवणं त्यांना जमेना.

त्यानंतर त्यांनी मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार सुरू केला, तोही लपूनछपून. घरात कुणकुण लागली, आरडाओरडा झाला, लक्ष्मीबाई आजारी पडल्या. आणि १० फेब्रुवारी १८९५ ला, रेल्वेतल्या भेटीनंतर साधारण दोन वर्षांनी, टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पाठीशी उभे होते अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट. हे तेच ॲबट, ज्यांनी पुढे मराठी संतचरित्रांचे इंग्रजी अनुवाद केले.

आता जरा घरात येऊ.

लक्ष्मीबाईंचं माहेर म्हणजे सोवळ्याचा किल्ला. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या बंडानंतर फाशी झाली होती. त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचं असं काही वेड शिरलं की बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेतल्याशिवाय घरात येत नसे. अशा घरातली ही मुलगी. तिचा नवरा ख्रिस्ती झाला, म्हणजे तिच्या लेखी तो जिवंतपणीच गेला. पदरात तीन-चार वर्षांचा मुलगा, दत्तू. नातेवाईक सांगायचे, नवऱ्याचं नाव टाक. आत्महत्येचे विचारही त्यांच्या मनात येऊन गेले.

इथे एक कायद्याची गोष्ट सांगायला हवी, कारण त्याशिवाय पुढच्याचं मोल कळत नाही. १८६६ मध्ये इंग्रज सरकारने ख्रिस्ती झालेल्यांच्या विवाहविच्छेदाचा कायदा केला होता. नवरा ख्रिस्ती झाला आणि बायकोने त्या कारणाने नांदायला नकार दिला, तर त्याला कोर्टात जाता यायचं. ठरावीक मुदतीनंतरही ती तयार नसेल तर लग्न मोडायचं आणि तो दुसरं लग्न करायला मोकळा. टिळकांपुढे हा रस्ता उघडा होता. ते त्या रस्त्याने गेले नाहीत. बायकोला जबरदस्तीने बोलावलं नाही, मुलाला ओढून नेलं नाही, दुसरं लग्न केलं नाही. पत्रं लिहीत राहिले, कविता लिहीत राहिले आणि वाट पाहत राहिले.

ही वाट चार-पाच वर्षांची होती. लक्ष्मीबाई त्या काळात नातेवाइकांकडे होत्या, काही दिवस पंढरपुरात. विठोबाच्या गावात एका ख्रिस्ती माणसाची बायको म्हणून राहायचं म्हणजे काय, याची कल्पना केलेली बरी. शेवटी त्या मुलाला घेऊन अहमदनगरला आल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. पण आल्या त्या आपल्या अटीवर. आपला स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, सोवळं तसंच. नवरा पाळकाचं काम करतोय आणि बायको त्याच्या हातचं पाणी पीत नाही, असा तो संसार. टिळकांनी ते चालू दिलं. तापट म्हणून ओळखला जाणारा हा माणूस या एका बाबतीत कमालीचा सबुरीने वागला.

आणि मग सोवळं आपोआप सुटत गेलं. कुणाच्या प्रवचनाने ते गेलं नाही. माणसाच्या स्पर्शाने पाणी खरंच बदलतं का, जात देवाने केली असेल तर तिची खूण शरीरावर कुठे आहे, हे प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःच स्वतःला विचारले आणि स्वतःच सोडवले. जात गेली आणि त्यानंतर धर्माचा प्रश्न आला. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. तेव्हा टिळक कुटुंब नगर जिल्ह्यातल्या राहुरीत होतं. देशावर १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ होता, मिशनच्या आवारात अनाथ पोरं येऊन पडत होती. टिळकांच्या घरात एरवीही माणसांचा राबता असायचाच, आता तर मोजदादच राहिली नाही. कुठला विद्यार्थी, कुठली टाकून दिलेली मुलगी, कुठला आजारी वाटसरू, टिळक घरी घेऊन यायचे आणि लक्ष्मीबाई निस्तरायच्या. यातलीच एक मुलगी तारा, ती त्यांची लेक म्हणूनच वाढली.

या सगळ्यात टिळकांचं रोजचं काम काय होतं? नगरला मिशनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत ते शिकवायचे. १९०४ मध्ये त्यांना रीतसर पाळकाची दीक्षा मिळाली आणि नावापुढे रेव्हरंड लागलं. गावोगाव फिरायचं, बोलायचं, कीर्तन करायचं, आजाऱ्याला भेटायचं. पण ज्यासाठी लोक त्यांना आजही आठवतात ती गोष्ट वेगळी आहे.

त्या वेळी मराठी चर्चमध्ये रविवारी जे गायलं जायचं, त्यातलं बरंचसं इंग्रजी गीतांचं भाषांतर असायचं. शब्द मराठी आणि चाल विलायती. आता ज्याला भूपाळी आणि अभंगाचा कान आहे, त्याच्या तोंडी ती चाल बसणार कशी? अक्षरं ओढूनताणून सुरात बसवायची, अर्थाचं काय व्हायचं ते होवो. नगरच्या मिशनमध्ये कीर्तनाचा प्रयोग टिळकांच्या आधीही झाला होता, देशी चालींवर रचना करणारेही होते. पण ते प्रवाहाच्या कडेला होतं. टिळकांनी ते मधोमध आणलं. अभंग, ओवी, पद, आरती, दिंडी, जे जे महाराष्ट्राच्या जिभेवर आधीपासून होतं ते सगळं त्यांनी येशूच्या भक्तीसाठी वापरलं. शेकड्यांनी भजनं लिहिली. आपण ख्रिस्तापर्यंत आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असं ते उघडपणे मानत. येशूला त्यांनी माउली म्हटलं, गुरू म्हटलं, सखा म्हटलं. वारकऱ्याला यातला कुठलाच शब्द परका नाही.

याचा परिणाम फार खोल झाला. मराठी ख्रिस्ती माणसाला त्या काळी दोन्हीकडून ऐकावं लागायचं. गाववाले म्हणायचे, तू साहेबाचा झालास. साहेबाच्या लेखी तो अजून शिकाऊच. बहुतेक ख्रिस्ती खेड्यातले, त्यातही मोठा भाग अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतला. एका बाजूने जातीने नाकारलेलं आणि दुसरीकडे धर्म बदलला म्हणून नाकारलेलं. अशा माणसाला टिळकांच्या भजनाने त्याची भाषा परत दिली. टाळ-मृदंगावर, मांडी घालून, आपल्या आजीच्या चालीवर देवाचं नाव घेता येतं, आणि त्यासाठी कोट-पाटलोण घालावी लागत नाही. 'उपासना संगीत' हे मराठी चर्चचं गीतांचं पुस्तक उघडलं तर टिळकांची पदं पानोपानी सापडतात. नगर-सोलापूरपासून जालना-परभणीपर्यंतच्या मंडळ्यांमध्ये ती अजून गायली जातात, आणि गाणाऱ्यांतल्या अनेकांना कवी कोण हेही ठाऊक नसतं. भजनाच्या बाबतीत ही काही वाईट गोष्ट नाही.

१९१२ पासून टिळक 'ज्ञानोदय'चे संपादक होते. १८४२ मध्ये नगरला सुरू झालेलं हे नियतकालिक म्हणजे मराठीतल्या सर्वांत जुन्या नियतकालिकांपैकी एक. त्यातूनही ते एकच मुद्दा लावून धरायचे. ख्रिस्ती होणं म्हणजे देश सोडणं नव्हे. देशभक्तीच्या कविता लिहिणारा पाळक ही त्या काळात दोन्ही बाजूंना अवघड वाटणारी गोष्ट होती.

कवी म्हणूनही ते काही चर्चच्या भिंतीत बसणारे नव्हते. फुलांवर आणि मुलांवर त्यांनी इतकं लिहिलं की 'फुलामुलांचे कवी' हीच त्यांची ओळख झाली. केशवसुतांच्या पिढीतल्या या माणसाच्या घराचे दरवाजे पुढच्या पिढीतल्या पोरांसाठी उघडे असायचे. १९०७ मध्ये जळगावला मराठी कवींचं पहिलं संमेलन भरलं. तिथे धरणगावच्या एका सतरा वर्षांच्या मुलाने आपली कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हणून गौरवलं. हे त्र्यंबक बापूजी ठोंबरे. पुढे ठोंबरे नगरला टिळकांच्या घरी येऊन राहिले. ख्रिस्ती पाळकाच्या घरात ब्राह्मणाचा पोरगा, म्हणजे आता हा बाटणार, असं लोकांना वाटणारच. पण टिळकांनी त्याला कविता दिली, जेवू घातलं, भांडणं केली, धर्म मात्र दिला नाही. बालकवी अखेरपर्यंत हिंदूच राहिले. लक्ष्मीबाईंना ते मुलासारखे होते. ५ मे १९१८ ला भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले, वय अवघं सत्तावीस. टिळकांना हा घाव मोठा होता. त्यानंतर ते स्वतः वर्षभरच जगले.

त्याआधी १९१७ मध्ये टिळकांनी एक धाडसी निर्णय घेतला होता. मिशनचा पगार सोडला.

वरवर पाहिलं तर गोष्ट नोकरीच्या राजीनाम्याची. पण जरा खोलात गेलं तर दोन दशकांचं दुखणं त्यात होतं. परदेशी मिशनच्या पैशावर धर्म सांगणारा माणूस गावाच्या नजरेत पगारी नोकरच राहतो, हे टिळकांना रोज दिसत होतं. या देशात धर्म सांगायचा अधिकार ज्याच्याकडे काही नाही त्याला मिळतो. तुकोबांना कुणी पगार देत नव्हतं. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षाच्या आसपास टिळकांनी संन्यास घेतला, ख्रिस्ती संन्यास. बायको-मुलं सोडून जंगलात जाणं असा त्याचा अर्थ नव्हता. कुणाचा नोकर राहायचं नाही, कुणाचं मिंधं राहायचं नाही, एवढाच होता. घर चालवणाऱ्या लक्ष्मीबाईंना महिनाअखेर काय वाटलं असेल ते वेगळं. मिशनशी भांडण मात्र झालं नाही, दोन्हीकडचा जिव्हाळा राहिला.

त्यांनी 'देवाचा दरबार' नावाचा एक बंधुसंघ उभा करायला घेतला. त्यातली गोम अशी की त्यात येण्यासाठी बाप्तिस्मा घेतलेला असण्याची अट नव्हती. ज्याला येशूच्या मागे जायचंय तो आला, मग तो चर्चच्या वहीत असो वा नसो. आज हे वाचताना साधं वाटतं. पण चर्चची अख्खी रचना ज्या एका दारावर उभी आहे, ते दारच टिळकांनी सताड उघडं ठेवायचं म्हटलं होतं. बाप्तिस्मा घेणं म्हणजे घरदार तुटणं, हे त्यांनी स्वतः पंधरा वर्षांच्या संसारावर झेललं होतं. तो अनुभव या कल्पनेमागे नसेल असं म्हणणं कठीण आहे. साताऱ्याला बिऱ्हाड हलवलं, काम सुरू झालं, पण शरीराने साथ सोडली. उपचारासाठी मुंबईला आणलं आणि दरबार रंगायच्या आतच टिळक गेले.

आता ते मृत्युपत्र.

आपल्या देहाला अग्नी द्यावा, असं टिळकांनी लिहून ठेवलं होतं. ख्रिस्ती माणसाला पुरतात, हा तेव्हाचा पक्का रिवाज. पाळकाने दहन मागणं म्हणजे जाता जाता शेवटचा मुद्दा मांडणं होतं. दुसरी गोष्ट, नावापुढे रेव्हरंड किंवा मिस्टर काहीही लावू नये. नुसतं नारायण वामन टिळक. आणि थडग्यावर त्यांना कौतुकाचे शब्द नको होते. स्वतःच्याच एका भजनातली ओळ त्यांनी निवडली होती, जिच्यात भक्त देवाला सांगतो की मी अजून फार अपुरा आहे. त्यांना अग्नी दिला गेला, अस्थी नगरला आणल्या आणि तिथे समाधी झाली.

रेव्हरंडची इच्छा मात्र महाराष्ट्राने काही पाळली नाही. पाठ्यपुस्तकांनी, समीक्षकांनी, संमेलनांनी सगळ्यांनी त्यांना रेव्हरंडच म्हटलं. त्यामागे अनादर नव्हता, उलट दुसऱ्या टिळकांपासून वेगळं ओळखायची ती सोय होती. ज्या पदवीमुळे समाजाने त्यांना बाहेर काढलं तीच पदवी शेवटी त्यांच्या नावाला कायमची चिकटली.

त्यांच्या आठवणी पहिल्यांदा नीट मांडल्या त्या एका इंग्रजाने. जे. सी. विन्स्लो हे नगर भागात काम केलेले मिशनरी टिळकांच्या विचारांनी भारावले होते. १९२३ मध्ये त्यांनी टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. त्याच सुमाराला त्यांनी 'ख्रिस्त सेवा संघ' नावाचा आश्रम उभा केला, जिथे युरोपियन आणि भारतीय एकत्र, खादी घालून, जमिनीवर बसून राहायचे. १९२७ मध्ये याच संघात ऑक्सफर्डहून एक तरुण पाद्री पुण्यात दाखल झाला. त्याचं नाव व्हेरिअर एल्विन. हो, तेच एल्विन, जे पुढे गांधीजींकडे गेले, चर्चपासून दूर झाले आणि मध्य भारतातल्या आदिवासींचे अभ्यासक म्हणून जगभर गाजले. टिळकांच्या भजनांनीही समुद्र ओलांडला. निकोल मॅकनिकोल यांनी केलेले त्यांचे अनुवाद इंग्रजी चर्चच्या गीतसंग्रहांत गेले. विलायती चालीतून मराठी चर्चची सुटका करणाऱ्या कवीचे शब्द विलायतेतल्या चर्चमध्ये गायले गेले, हा योगायोग टिळकांना आवडला असता.

पण खरं काम घरातच व्हायचं होतं.

टिळकांनी १९०९ मध्ये 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं होतं, येशूचं चरित्र ओवीत. तीनशे वर्षांपूर्वी, १६१६ मध्ये, गोव्यात फादर स्टीफन्सने 'क्रिस्तपुराण' लिहून मराठीत ही वाट पाडली होती. टिळकांचं काव्य दहा-अकरा अध्यायांवर अडलं. ते कुणी पूर्ण केलं? जिला लग्नानंतर नवऱ्यानेच अक्षरं शिकवली, जिने शाळा पाहिली नाही, त्या लक्ष्मीबाईंनी. साठाहून अधिक अध्याय त्यांनी एकटीने लिहिले. ग्रंथ १९३८ मध्ये छापून आला तेव्हा त्याही राहिल्या नव्हत्या. नवऱ्याने सुरू करायचं आणि बायकोने निस्तरायचं, ही त्या घराची जुनीच रीत होती.

आणि मग 'स्मृतिचित्रे'. दत्तू, म्हणजे देवदत्त टिळक, वडिलांचं चरित्र लिहिण्यासाठी टिपणं गोळा करत होता. आईला म्हणाला, तुला आठवतं ते लिहून दे. तिने लिहायला घेतलं आणि बापाच्या चरित्राची सामग्री म्हणून सुरू झालेलं लिखाण बघता बघता मराठीतलं एक श्रेष्ठ आत्मचरित्र होऊन बसलं. १९३४ पासून ते पुस्तकरूपाने येऊ लागलं.

थोर माणसाच्या बायकोने लिहिलेल्या आठवणी म्हणजे काय असतं हे आपल्याला ठाऊक असतं. हार, उदबत्ती आणि पतिदेव. लक्ष्मीबाईंनी यातलं काही केलं नाही. टिळक संतापले की कसे दिसायचे, पैसे कसे उडवायचे, न सांगता कसे पसार व्हायचे, त्यांचं धर्मांतर ऐकल्यावर आपलं काय झालं, हे सगळं त्यांनी सांगितलं, तेही खुसखुशीत विनोदाने. कुठे चीड नाही, कुठे सारवासारव नाही. वाचणाऱ्याला टिळकांचा राग येतो, मग हसू येतं आणि नकळत तो माणूस आवडायला लागतो. ज्या हिंदू घरांत टिळकांचं नाव घेतलं जात नव्हतं, तिथे हे पुस्तक शिरलं. धर्मांतराची गोष्ट म्हणून ते कुणी वाचलं नाही, एका संसाराची गोष्ट म्हणून वाचलं. पुढे त्याचे इंग्रजी अनुवाद झाले, त्यातला शांता गोखल्यांचा अगदी अलीकडे, २०१७ चा. विजया मेहतांनी त्यावर चित्रपट केला. सुहास जोशींच्या आवाजात ते रंगमंचावरून महाराष्ट्रभर ऐकलं गेलं.

लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ ला गेल्या. 'स्मृतिचित्रे' त्यांच्या हातून पूर्ण झालं नव्हतं. त्यांचं सांगणं राहुरी, नगर, सातारा असं करत टिळकांच्या मागोमाग येत होतं, ते अर्ध्यात थांबलं. शेवटचा भाग देवदत्तांनी लिहिला आणि 'ख्रिस्तायन'ची अखेरही त्यांनीच केली. पुढे नातू अशोक टिळकांनी आजीच्या हस्तलिखितांवरून, टिपा-खुलासे जोडून, 'स्मृतिचित्रे'ची साक्षेपी आवृत्ती काढली. आज दुकानात ती मागितली की मुखपृष्ठावर लक्ष्मीबाईंचं नाव असतं आणि आत पानोपानी त्या नवऱ्याला नुसतं टिळक म्हणतात. रेव्हरंड वगैरे काही नाही.